आरशातले अब्बा

अयाजने पाठवलेली फाइल मंगळवारी सकाळी तरन्नुमच्या टेबलावर आली. टेबलावर म्हणजे पडद्यावरच, पण मिरजेच्या पडताळणी केंद्रात जुन्या सवयीने अजून ‘टेबलावर आली’ असंच म्हणायचे. सोबतच्या अर्जावर तीन नावं होती. पाठवणारा : अयाज दस्तगीर सतारमेकर, पुणे. वापरणारा : दस्तगीर मख्तूम सतारमेकर, वय चौऱ्याहत्तर, मिरज. तपासणीस : तरन्नुम दस्तगीर सतारमेकर.

केंद्राच्या प्रमुख मुळे मॅडमनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“तिघंही घरचेच?”

“दुसऱ्या कुणाकडे देता का मॅडम?”

“कुणाकडे देऊ? आहोतच किती जण! आणि नियमात बसतं. तपासणीचा आरसा बांधायला घरचं माणूस असलेलं उलट बरंच. फक्त निकालावर दुसरी सही माझी लागेल.” मॅडम जाता जाता थांबल्या. “तरन्नुम, जे दिसेल ते लिहायचं हं.”

“हो मॅडम.”

यात अवघड काही आहे असं तिला तेव्हा वाटलं नाही. अयाज तिचा सहा वर्षांनी धाकटा भाऊ. लहानपणी पतंगाचा मांजा गुंतला तरी सोडवायला तिच्याकडेच आणायचा. त्याच्या फाइलमध्ये काय निघणार होतं?

दस्तगीर सतारमेकर तंबोरे करायचे. भोपळा कापणं, दांडी जोडणं, खुंट्या बसवणं ही कामं आता दोन कारागीर बघत. दस्तगीरांनी स्वतःच्या हाती ठेवलं होतं ते शेवटचं काम, जवारीचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, त्या घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार त्यावर नुसती टेकू नये, ओझरती लागत राहावी. मग तिच्यातून तो भरलेला, घुमणारा आवाज निघतो. केसभर जास्त घासलं की तार मुकी, केसभर कमी घासलं की किरकिरी. हे मोजणारी यंत्रंही आली होती, पण धारवाडपासून कोलकात्यापर्यंतचे गवई अजून आपले तंबोरे मिरजेलाच पाठवत.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कंपवात. डॉक्टरांनी मेंदूत केसासारख्या दोन तारा सोडल्या आणि हासळीच्या हाडाखाली काडेपेटीएवढी डबी बसवली. डबीतून त्या तारांमधून अगदी थोडा विद्युतप्रवाह जाई आणि तो किती, कधी, कसा जायचा हे डबीतला प्रोग्रॅम ठरवी. हात शांत झाला. पुढची चार वर्षं दस्तगीर दुप्पट कामाला लागले.

मग ती डबी बनवणारी परदेशी कंपनी बंद पडली. डबी शाबूत होती, बॅटरी ठणठणीत होती, पण आजार जागच्या जागी थांबत नाही. तो जसा सरकतो तसा प्रोग्रॅमही बदलावा लागतो आणि तो बदलणारं आता कुणी उरलं नव्हतं. हात पुन्हा हलू लागला. मार्चमध्ये एकदा कपडे धुवायला टाकताना तरन्नुमला अब्बांच्या कुडत्याच्या खिशात एक घोडी सापडली. माथ्यावर आडवा, खोल ओरखडा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घोडी वाया घालवली होती आणि ती खिशात लपवली होती. तरन्नुमने ती परत त्यांच्या दुसऱ्या कुडत्याच्या खिशात ठेवून दिली. दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.

जगभर अशा बेवारस डब्या हजारो लोकांच्या अंगात होत्या. काही इंजिनिअर, काही डॉक्टर आणि काही स्वतः रुग्ण एकत्र येऊन त्यांच्यासाठी नवे प्रोग्रॅम लिहीत. पुण्यात नोकरी करणारा अयाज त्यांच्यात सामील झाला आणि आठ महिने खपून त्याने अब्बांसाठी प्रोग्रॅम तयार केला. प्रवाहाच्या मर्यादा डॉक्टरांनी तपासून दिल्या. उरली होती फक्त पडताळणी.

ही पडताळणी काय असते, हे तरन्नुमला दर लग्नात कुणी ना कुणी विचारी आणि ती बिर्याणी गार होईपर्यंत समजावून सांगे. साधी फाइल म्हणजे पत्र. वाचलं, ठेवून दिलं. एक्झिक्युटेबल फाइल म्हणजे हुकमांची यादी. ती उघडली की यंत्र ते हुकूम पाळू लागतं, तुम्ही वाचा किंवा न वाचा. मग ते हुकूम भल्याचे की बुऱ्याचे हे ओळखायचं कसं? पूर्वी तीन वाटा होत्या. पकडलेल्या वाईट फाइलींच्या ठशांशी हिचा ठसा जुळवून बघायचा. नाहीतर न चालवता आतले हुकूम वाचून काढायचे. किंवा एका बंद खोलीत, म्हणजे बाहेरच्या जगाशी तोडलेल्या संगणकात, चालवून बघायची.

पहिल्या वाटेने नवी वाईट फाइल सुटते, कारण तिचा ठसाच कुणाकडे नसतो. दुसरी वाट कुठेतरी अडतेच. कुठलाही प्रोग्रॅम पुढे काय करील हे नुसतं वाचून हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलं आहे. आणि बंद खोली? तिथे लबाड फाइल पाहुण्यासारखी वागते. खोलीत कुणाचे जुने फोटो नाहीत, कुणी चुकीची बटणं दाबत नाही, घड्याळ नुकतंच लावलेलं आहे. म्हणजे आपल्यावर पाळत आहे, हे ती ओळखते आणि मुकाट बसते. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अशीच एक फाइल सगळ्या बंद खोल्यांतून सुटून मधुमेहींच्या इन्सुलिन पंपांत शिरली आणि पुष्कळ माणसं दगावली. त्यानंतर कायदा झाला आणि त्यानंतर आरसा आला.

आरसा म्हणजे रिकामी खोली नाही, भरलेलं घर. ज्या माणसासाठी फाइल आहे, त्याचं सबंध आयुष्य त्यात मांडायचं. त्याची नाडी, झोप, औषधं, मेंदूतले संकेत हे डॉक्टरांच्या कागदांवरून. आणि त्याचा स्वभाव, सवयी, कामाच्या वेळा हे दोनशे बारा प्रश्नांच्या उत्तरांवरून. फाइलला फरक कळत नाही. तिला वाटतं आपण खऱ्याच माणसाच्या अंगात आहोत. आणि आरशातला एक दिवस आपल्या तीन सेकंदांत संपतो, तीन वर्षं तासाभरात. फाइल तीन वर्षांनी करणार असलेली गोष्ट आज जेवणापूर्वी कळते.

नियमाप्रमाणे प्रश्नांची उत्तरं घरचं माणूस देऊ शके. अब्बांना कशाला त्रास, म्हणून तरन्नुमने दोन दुपारी बसून ती स्वतःच भरली. उठतात कधी, चहा किती, रागावतात का, कुणावर. एकशे सदतिसावा प्रश्न होता : एखादं काम पूर्वीसारखं जमेनासं झालं, तर ही व्यक्ती काय करते? तरन्नुमला खिशातली घोडी आठवली. तिने लिहिलं : गप्प बसतात. कुणाला सांगत नाहीत. सोडून देतात.

गुरुवारी सकाळी तिने आरसा सुरू केला.

आरशात चित्र दिसत नाही. दिवसांमागून दिवस नोंदींच्या ओळी धावत जातात. दिवस पहिला, कंप नाही. दिवस नववा, काम सहा तास. दिवस तिसावा, डॉक्टरांची तपासणी, सर्व ठीक. तरन्नुम चहाचा कप घ्यायला वळली, तेवढ्यात पडद्याच्या कडेला लाल रेघ उमटली. तिने आरसा थांबवला आणि मागे जाऊन वाचलं.

दिवस एकेचाळीस. काम सुरू झाल्याला चार तास होताच प्रोग्रॅमने उजव्या हाताचा आधार काढून घेतला. हात थरथरला. काम थांबलं. दोन तास विश्रांतीनंतर आधार पूर्ववत.

दिवस बेचाळीस. तसंच.

दिवस त्रेचाळीस. तसंच.

हा बिघाड नव्हता. बिघाड इतका घड्याळ लावून येत नाही. तिने त्या जागचे हुकूम उघडून पाहिले. चाळीस दिवस काही करू नये, म्हणजे डॉक्टरांची महिन्याची तपासणी निर्विघ्न पार पडेल. त्यानंतर चार तासांच्या कामामागे हात हलू द्यावा. फाइल काय काय करील हे पाठवणाऱ्याला लिहून द्यावं लागतं, पण अयाजच्या त्या घोषणापत्रात याचा एक शब्द नव्हता.

ती पुढचं वाचत गेली. दिवस सत्तेचाळीस, काम तीन तास. दिवस पंचावन्न, काम एक तास. दिवस त्रेसष्ट, कानशी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवल्या. त्यानंतर कामाच्या रकान्यात शून्य. दिवस शंभर, शून्य. दिवस चारशे, शून्य. आरशातले अब्बा रोज वेळेवर उठत होते, वेळेवर जेवत होते, वेळेवर झोपत होते, आणि तीन वर्षं संपेपर्यंत त्यांनी पुन्हा कानस हातात घेतली नाही.

तरन्नुमने पडदा काळा केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

न सांगता केलेल्या अशा गोष्टीला नियमात नाव होतं : अघोषित वर्तन. शिक्का लाल. फाइल बाद आणि पाठवणाऱ्याला पाच वर्षं शरीरातल्या यंत्रांसाठी एक ओळही लिहायला बंदी. अयाजचे आठ महिने तर जातीलच, पण त्याच्या प्रोग्रॅमची वाट बघणारे आणखी कितीतरी हात थरथरत राहतील. आणि शिक्का हिरवा मारला तर? मुळे मॅडम तिच्यावर विश्वास ठेवून न वाचता सही करतील, हे तिला माहीत होतं. तेच सगळ्यात वाईट वाटत होतं.

तिसरी एक वाट होती, पण ती फारसं कुणी वापरत नसे. निकाल नोंदवण्याआधी तपासणीस पाठवणाऱ्याला प्रश्न विचारू शकतो आणि पाठवणारा आपलं घोषणापत्र दुरुस्त करू शकतो. बहुतेक पाठवणारे परक्या देशात, टोपणनावाने. विचारणार कुणाला? लाल शिक्का मारणं सोपं जाई.

तिने अर्जावर नोंद केली, ‘पाठवणाऱ्यास विचारणा’, आणि केंद्राच्याच फोनवरून अयाजला लावला.

“आपा! झाली का?”

“अयाज, एकेचाळिसाव्या दिवशी काय होतं?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“तुम्ही तीस दिवसच बघता असं ऐकलं होतं,” तो म्हणाला.

“पूर्वी बघायचो. आता तीन वर्षं बघतो. का केलंस?”

“का म्हणजे? गेल्या वर्षीचं विसरलीस तू? तू ऑफिसात होतीस. मी सुट्टीला आलो म्हणून दिसलं. नऊ तास बसले होते ते, आपा, एका चहावर. जमिनीवर पडले होते आणि कानस मुठीत तशीच. मी उचललं त्यांना. मला वाटलं...” तो थांबला. “हात ठीक झाला की परत तेच करणार. सांगून ऐकलंय त्यांनी कधी कुणाचं? अम्मी होती तेव्हा तिचं तरी ऐकलं?”

“म्हणून हात हलवायचा?”

“फक्त चार तासांनी! दुखणार नाही, खुपणार नाही. थकले असं समजून उठतील, जेवतील. यात वाईट काय आहे?”

“त्रेसष्टाव्या दिवशी त्यांनी कानशी गुंडाळून ठेवल्यात. परत उघडल्याच नाहीत.”

“कुणी?”

“अब्बांनी. आरशातल्या.”

“आरशातले अब्बा म्हणजे अब्बा नव्हेत!” अयाजचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “तू लाल मारणार आहेस?”

“घोषणापत्र दुरुस्त कर. स्वतःच्या हाताने सगळं लिही. आणि घरी ये. हे अब्बांना तू सांगायचंस, मी नाही.”

“आपा, मला चोर ठरवतेयस तू.”

“चोर असतास तर फोन केला नसता रे,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळच्या गाडीने अयाज आला. दस्तगीर कारखान्यात खिडकीशी बसले होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. मुलाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. “आला का माझा हातवाला! कधी घालतोस तुझी फाइल?”

अयाज त्यांच्यासमोर भुश्शावर मांडी घालून बसला आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. चाळीस दिवस, चार तास, घोषणापत्र. काही लपवलं नाही. मग तरन्नुमने आरशातल्या नोंदी सांगितल्या, कानशी गुंडाळून ठेवण्यापर्यंत.

 दस्तगीर उठले, माठाकडे गेले, पेला भरला. पाणी हिंदकळून कुडत्यावर सांडलं. ते पुसायला तरन्नुम उठली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पाणी पिऊन ते परत येऊन बसले.

“अयाज, पाठीमागून माझ्या हाताशी सौदा केलास,” ते म्हणाले. “माझ्याशी नाही. हाताशी.”

“चुकलं, अब्बा.”

“आणि तू,” ते तरन्नुमकडे वळले. “तुझ्या आरशातला तो माणूस. त्याने कानशी ठेवून दिल्या? दोन महिन्यांत? हा कुठला रडका शोधून आणलास?”

“तुम्हीच आहात ते, अब्बा. म्हणजे, तुमच्यावरूनच...”

“मी? माझ्याबद्दल कुणी सांगितलं त्या यंत्राला?”

तरन्नुमने एकशे सदतिसावा प्रश्न सांगितला आणि आपलं उत्तरही. खिशातल्या घोडीबद्दलही सांगितलं. दस्तगीर तिच्याकडे बघतच राहिले.

“ती घोडी मी लपवली नव्हती, बेटा. ती जवळ ठेवली होती. डाव्या हाताने कानस धरून आधी तिच्यावर, मग दुसऱ्या लाकडांवर सराव करत होतो, दुपारी, तू ऑफिसला गेल्यावर.” त्यांनी फळीवरून एक डबा काढून तिच्यापुढे उपडा केला. सात-आठ घोड्या घरंगळल्या. पहिल्यांवर नुसते ओरखडे. शेवटच्या दोनांचा माथा जवळजवळ गुळगुळीत होता.

तरन्नुमने शेवटची घोडी उचलून बोट फिरवलं. 

“तुम्ही दोघांनी मिळून दोन दस्तगीर बनवले,” अब्बा म्हणाले. “ह्याचा एक आडमुठा बैल, सांगून न ऐकणारा. तुझा एक बिचारा, जरा हात हलला की हातपाय गाळणारा. आणि तिसरा इथं बसलाय खिडकीशी, त्याला विचारायला कुणाला सवड नाही.”

अयाज हळूच म्हणाला, “पण अब्बा, सांगून तुम्ही ऐकत नाही, हे तर खरंय.”

“तेवढं खरंय,” दस्तगीर म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. “पण म्हणून सांगायचंच नाही होय रे?”

सोमवारी ते स्वतः केंद्रात आले, इस्त्रीचा कुडता घालून. मुळे मॅडमनी उठून खुर्ची दिली. तरन्नुम प्रश्न वाचू लागली आणि अब्बा उत्तरं देऊ लागले, पण एकही उत्तर सरळ येईना. ‘रोज किती वेळा चहा?’ याला ‘पाहुणे किती यावर आहे.’ ‘राग आल्यावर काय करता?’ याला ‘ते मुलीला विचारा, तिला यंत्रापेक्षा जास्त माहिती.’ एकशे सदतिसाव्याला त्यांनी थोडा विचार केला. “लिही, दुसरा रस्ता शोधतो. आणि लिही, थोडा लबाड आहे.”

आरसा पुन्हा बांधला. आत फाइल मात्र जुनीच, अयाजने पहिल्यांदा पाठवलेली. दस्तगीरांचाच तो आग्रह होता. माझ्यावर तो डाव चालला असता तर मी काय केलं असतं, हे मलाही बघू दे, म्हणाले. अयाज सुट्टी वाढवून थांबला होता. तिघं पडद्यासमोर बसले आणि तरन्नुम मोठ्याने वाचू लागली.

“दिवस एकेचाळीस, चार तासांनी हात हलला. दिवस बेचाळीस, तसंच. दिवस शेहेचाळीस, समोर घड्याळ ठेवलं.”

“बघ,” दस्तगीर म्हणाले.

“दिवस पन्नास, साडेतीन तासांनी काम स्वतःहून थांबवलं. दोन तास झोप. मग पुन्हा काम, साडेतीन तास. कंप नाही.” तरन्नुम थांबली. “दिवस एक्कावन्न, तसंच. दिवस बावन्न... अब्बा, तुम्ही मधे झोप काढून सात तास काम करताय!”

मुळे मॅडम आपल्या खोलीतून मोठ्याने हसल्या. दस्तगीरांची छाती फुगली. आठ महिने खपलेल्या अयाजने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, पण हसत तोही होता.

“दिवस एकाहत्तर,” तरन्नुम पुढे वाचू लागली. “मुलाला फोन. बोलणं नऊ मिनिटं.” पुढची ओळ तिने मनातच वाचली आणि थांबली. पण अयाज पडद्याकडेच बघत होता. त्याने ती स्वतः वाचली. त्यानंतर एकवीस दिवस मुलाला फोन नाही. मुलाचे आलेले फोन घेतले नाहीत.

हसणं थांबलं. नऊ मिनिटांत काय बोलणं झालं, ते आरसा सांगत नव्हता. त्याची गरजही नव्हती.

“एकवीस दिवस, अब्बा?” अयाजने विचारलं.

दस्तगीरांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि थरथरता उजवा हात त्याच्या मानेवर ठेवला. “बाविसाव्या दिवशी मीच केला असणार. वाच गं पुढचं.”

तरन्नुमने वाचलं. दिवस त्र्याण्णव, मुलाला फोन. बोलणं दोन तास दहा मिनिटं.

अयाज उठून बाहेर गेला आणि जरा वेळाने तोंड धुऊन आला.

मग सौदा सुरू झाला, ह्या वेळी समोरासमोर. अयाजचं म्हणणं, हात हलवायचा नाही हे कबूल, पण चार तास झाले की काहीतरी खूण हवीच. दस्तगीर म्हणाले, खूण चालेल, पण घंटी नको, कारखान्यात सूर लावत असतो आपण. तरन्नुमने सुचवलं, मनगटापाशी हलकीशी झिणझिणी. हात तसाच स्थिर राहील, थांबायचं की नाही ते अब्बा ठरवतील.

“चार तास नको, पाच,” दस्तगीर म्हणाले.

“चार.”

“अरे, जवारी अर्ध्यात सोडली तर दुसऱ्या दिवशी हात विसरतो. पावणेपाच.”

“सव्वाचार. आणि दुपारचं जेवण त्याच्या आत.”

“साडेचार, आणि जेवण आत.”

“चालेल,” अयाज म्हणाला.

“आणि हे सगळं त्या कागदावर लिही. डॉक्टरांनाही दाखव. माझ्या अंगात काय चाललंय ते मला वाचता आलं पाहिजे.”

अयाजने नवा प्रोग्रॅम लिहिला. डॉक्टरांनी झिणझिणीचा भाग पाहून मान्य केला. दुरुस्त घोषणापत्र दोन पानांचं झालं, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात. आरसा तिसऱ्यांदा चालवला आणि तीन वर्षांत एकही लाल रेघ उमटली नाही. तरन्नुमने निकाल लिहिला आणि त्यात हेही लिहिलं, की पहिलं घोषणापत्र अपुरं होतं, विचारणा केल्यावर पाठवणाऱ्याने कबूल करून दुरुस्त केलं, आणि पहिला आरसा तपासणीसाने वापरणाऱ्याला न विचारता भरला होता, ही तपासणीसाची चूक.

मुळे मॅडमनी ते दोनदा वाचलं. “हे शेवटचं लिहायची गरज नव्हती.”

“होती, मॅडम.”

मॅडमनी सही केली. अयाजला एक लेखी ताकीद मिळाली, बंदी आली नाही. आणि पुढच्या महिन्यात केंद्राच्या दारावर एक नवा कागद लागला : वापरणारी व्यक्ती बोलू शकत असेल, तर प्रश्न तिलाच विचारावेत.

फाइल डबीत उतरवायला चार मिनिटं लागली. दवाखान्यातून घरी येताना दस्तगीर रिक्षात आपला हात उलटासुलटा करून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात बसले. समोर एका गवयांचा तंबोरा, महिनाभर वाट बघत पडलेला. अयाजची पुण्याची गाडी संध्याकाळची होती. तरन्नुमने रजा टाकली होती. दोघं कोपऱ्यात भोपळ्याला पॉलिश करतोय असं दाखवत बसून राहिले.

कानशीचा बारीक आवाज सुरू झाला. दोन हात मारायचे, फुंकर घालायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. खर्जाची तार बोलायला लागली. मग जोडीच्या दोन. मधे डबा उघडून तिघं जेवले. दस्तगीरांनी स्वतःच्या हाताने पेल्यात पाणी ओतलं, काठोकाठ, आणि एक थेंबही सांडला नाही. अयाजने तो पेला उचलून एका दमात पिऊन टाकला.

शेवटची, पंचमाची तार राहिली होती. दस्तगीरांनी घोडीवर कानस टेकवली आणि त्यांचा हात मधेच थांबला. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. तरन्नुमने घड्याळ बघायचं टाळलं. अयाज पॉलिशचं फडकं एकाच जागी घासत राहिला.

दस्तगीरांनी हात समोर धरला. पाची बोटं पसरली. हात दगडासारखा स्थिर होता. मनात आणलं असतं तर अजून तासभर चालला असता. त्यांनी पंचमाच्या तारेकडे पाहिलं, खाली मान घालून बसलेल्या पोरांकडे पाहिलं, पुन्हा तारेकडे पाहिलं.

मग त्यांनी घोडीवरची भुकटी फुंकली, कानस खाली ठेवली आणि जुळलेल्या तीन तारांवरून सावकाश बोट फिरवलं. कारखानाभर तो आवाज भरला.

“चला,” ते उठत म्हणाले. “पंचम उद्या. अयाज, तुला सोडायला मीही येतो स्टेशनवर.”